छाया, प्रकाश आणि ओळखीचा चेहरा

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भिंतीवर एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे छायाचित्र लावलेले असेल. ते चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा आणि स्वतःलाच विचारा, की ते आजोबा किंवा त्या आजी खरोखर तशा दिसत होत्या का? पुष्कळांचे उत्तर नकारार्थी येईल. जन्मभर हसतमुख असलेला माणूस तेथे दगडासारखा बसलेला असतो. उन्हातान्हात राबून रापलेला चेहरा तेथे गोरापान आणि गुळगुळीत असतो. घरातील जुनी माणसे पाहुण्यांना सांगतात, ‘ते असे नव्हते हो, फार निराळे होते.’ पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली पिढी गेली, की हा खुलासा करणारेही कोणी उरत नाही. मग चित्र सांगेल तोच माणूस खरा ठरतो. व्यक्तिचित्र काढणाऱ्या हौशी छायाचित्रकाराच्या हातात ही केवढी मोठी जबाबदारी असते, याची जाणीव मला एका आजींनी करून दिली. त्यांची हकीकत सांगता सांगता प्रकाश, संस्करण आणि मित्रांचा अभिप्राय या तीन गोष्टींविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे चेन्नईस राहिलो. छायाचित्रणाची हौस असणाऱ्याने जावे असेच ते शहर आहे. त्यावेळच्या मद्रासमध्ये अलेक्झांडर हंटर नावाच्या एका डॉक्टराने १८५० साली कलाशाळा काढली. ती शाळा पुढे सरकारने चालविली आणि आज ललितकला महाविद्यालयाच्या रूपाने ती नांदत आहे. छायाचित्रणाची कला नवीन होती त्याच काळात या शाळेने तिचे शिक्षण दिले. याच हंटरसाहेबांच्या पुढाकाराने मद्रासची छायाचित्रण संस्था उभी राहिली. १८५७ हे आपले जन्मवर्ष मानणारी ही संस्था आजही चालू आहे. मुंबईची अशीच संस्था तिच्याही आधी, १८५४ मध्ये निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते आणि माणसांची छायाचित्रे काढण्यात त्यांनी नाव मिळविले होते. विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की कॅमेरा हे एकट्याने हाताळावयाचे यंत्र. परंतु ते या देशात येऊन पुरती वीस वर्षेही झाली नव्हती, तोच हौशी मंडळींनी एकत्र जमून एकमेकांची चित्रे पाहावयास प्रारंभ केला. चित्र काढावयास एकच माणूस पुरतो, मात्र ते पाहावयास अनेक लागतात, हे त्यांना तेव्हाच उमगले असले पाहिजे.

आमच्या बिऱ्हाडापासून जवळच, मैलापूरच्या एका जुन्या गल्लीत, त्या आजी राहात. त्यांचे घराणे तंजावरचे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास मराठी राज्य स्थापिले. ते राज्य १८५५ साली खालसा झाले, तथापि त्याबरोबर गेलेली मराठी भाषा कित्येक घरांतून टिकून राहिली. आजी आपल्या नातवंडांशी तीच मराठी बोलत. मला ती थोडी सावकाश ऐकावी लागे. म्हणून त्यांचे बोलणे मी येथे माझ्याच मराठीत सांगणार आहे.

एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले. दिवाणखान्यात त्यांच्या यजमानांचे एक मोठे छायाचित्र होते. त्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, ‘हे पाहिलेस? हे गेल्यावर मुलांनी एका स्टुडिओतून करून आणले. रंग यांचा नाही, हसणे यांचे नाही. नाव खाली लिहिले आहे म्हणून यांचे म्हणायचे. यांच्या शेजारी माझे लागेल ते मात्र माझे असू दे. आणि ते मी असताना काढ.’

मी होकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना गच्चीवर नेले. वेळ दुपारी बाराची. भरपूर प्रकाश म्हणजे उत्तम चित्र, अशी माझी समजूत होती. चित्र पाहिले तेव्हा आजींच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खळग्या होत्या, नाकाखाली मिशीसारखी सावली होती आणि कपाळ चुन्यासारखे पांढरे पडले होते. सावल्या घालविण्यासाठी मी फ्लॅश वापरला. तेव्हा चेहरा एखाद्या थाळीसारखा सपाट झाला आणि घामाने ओलसर झालेल्या गालांवर चकचकीत ठिपके उमटले.

यात आजींचा दोष नव्हता आणि कॅमेऱ्याचाही नव्हता. दोष होता माझ्या अज्ञानाचा. चेन्नई विषुववृत्तापासून अवघी तेरा अंश उत्तरेस आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्यानंतर तेथे माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. डिसेंबरात, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेस असतानादेखील, तो दुपारी क्षितिजापासून सुमारे त्रेपन्न अंश वर असतो. उलट लंडनमध्ये भर उन्हाळ्यातही तो बासष्ट अंशांच्या वर जात नाही आणि हिवाळ्यात पंधरा अंशांवरच रेंगाळतो. छायाचित्रणाची आपली बहुतेक पुस्तके तिकडे लिहिली गेली. त्यांतील सूर्य तिरपा असतो, आपला सूर्य माथ्यावर असतो. डोक्यावरून येणारा प्रकाश कपाळाला आणि नाकाला उजळतो, पण डोळ्यांपर्यंत तो पोचतच नाही. आणि ज्या चित्रात डोळे नाहीत, त्यात माणूस कुठून असणार?

दुसरी गोष्ट प्रकाशाच्या मृदुतेची. प्रकाश मऊ की कठोर, हे त्याच्या प्रखरतेवर अवलंबून नसते. प्रकाश देणारी वस्तू आपल्या चेहऱ्याच्या ठिकाणाहून केवढी दिसते, यावर ते अवलंबून असते. सूर्य पृथ्वीच्या शंभरपट रुंद आहे खरा, पण तो पंधरा कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या टोकाने तो सहज झाकतो. एवढ्या लहानशा जागेतून आलेला प्रकाश धारदार सावली पाडतो. सूर्यापुढे ढग आला म्हणजे सगळे आकाशच प्रकाश देऊ लागते आणि सावलीची धार बोथट होते. घरातील खिडकी हीसुद्धा अशीच. माणूस खिडकीपासून दोन हातांवर बसला, तर खिडकी त्याच्या दृष्टीने विशाल असते आणि प्रकाश लोण्यासारखा मऊ पडतो. तोच माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला, की खिडकी लहान होते, प्रकाश मंदावतो आणि सावल्याही टणक होतात.

आपल्या भाषेतील ‘छायाचित्र’ हा शब्द मला येथे फार अर्थपूर्ण वाटतो. १८३९ साली जॉन हर्शल या शास्त्रज्ञाने ‘फोटोग्राफी’ हा शब्द रूढ केला, त्याचा अर्थ प्रकाशाने केलेले लेखन. आपण मात्र मान दिला तो छायेला. चेहऱ्याचा उंचसखलपणा आपल्याला कळतो तो सावलीमुळे. सावली मुळीच नसली तर चेहरा सपाट होतो, आणि ती भलत्या ठिकाणी पडली तर चेहरा विद्रूप होतो. प्रकाशयोजना म्हणजे दिव्यांची गर्दी नव्हे, तर सावली कोठे पडू द्यावयाची आणि किती गडद होऊ द्यावयाची, याचा निर्णय होय.

युरोपातील चित्रकार उत्तरेकडील खिडकीची महती सांगत आले आहेत. तिकडे उत्तरेच्या खिडकीतून दुपारचे ऊन कधीच येत नाही. दिवसभर शांत, एकसारखा उजेड मिळतो. पण हा नियम आपण डोळे मिटून स्वीकारू नये. चेन्नईत एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. पुण्यातही साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तीच स्थिती असते. तेव्हा ‘कोणती दिशा?’ असे पुस्तकाला विचारण्यापेक्षा आपल्या घरातील खिडक्यांना विचारावे. एक दिवस सुट्टी काढून दर दोन तासांनी घरातील कोणाला तरी प्रत्येक खिडकीपाशी बसवावे आणि फक्त पाहावे. कॅमेरा हातात घेऊ नये. तो एक दिवस पुढे अनेक वर्षे उपयोगी पडतो.

माझ्या मदतीला आली ती आजींच्या घराची तिण्णै. तिण्णै म्हणजे रस्त्याकडेचा, वर छप्पर असलेला ओटा. आपल्याकडील ओसरी किंवा पडवी समजा ना. त्यांच्या घराचे तोंड पश्चिमेस असल्याने सकाळी तिण्णैवर गर्द सावली असे. समोरच्या घराची पांढरी भिंत मात्र उन्हाने उजळलेली असे, आणि त्या भिंतीवरून परतलेला प्रकाश आजींच्या चेहऱ्यावर अलगद येई. वर छप्पर असल्यामुळे डोक्यावरचा प्रकाश अडला होता. जो काही प्रकाश येई तो समोरून आणि किंचित बाजूने. जेथे उन्हाची आणि सावलीची सीमारेषा असते, तिच्या आत दोनतीन पावलांवर माणसाला बसवावे आणि त्याचे तोंड उजेडाकडे करावे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा स्टुडिओ होय. कोकणातील पडवी असो, सोलापूरकडील वाड्याचा दरवाजा असो किंवा मुंबईच्या चाळीची गॅलरी असो, तो प्रत्येकाच्या दाराशी आहे.

येथे काही लहानसहान गोष्टी ध्यानात ठेवल्या तर फार फरक पडतो. पहिली गोष्ट अशी, की माणसाला प्रकाशाकडे सरळ तोंड करून न बसविता थोडे तिरपे बसवावे. म्हणजे एक गाल उजळतो, दुसरा सौम्य छायेत राहतो आणि चेहऱ्याला घडण येते. छायेतला गाल फारच काळवंडला, तर त्या बाजूस पांढरे धोतर, चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरावा. प्रकाश त्यावरून परततो आणि छाया हलकी होते. दुसरी गोष्ट रंगाची. आजींच्या तिण्णैची जमीन तांबड्या सिमेंटची होती. तिचा लाल रंग त्यांच्या हनुवटीवर आणि गळ्यावर चढला होता. डोळ्यांना तो जाणवत नव्हता, कॅमेऱ्याने मात्र दाखवून दिला. एक पांढरी वेष्टी जमिनीवर अंथरताच तो नाहीसा झाला. याच कारणाने खिडकीच्या उजेडात चित्र काढताना घरातील ट्यूबलाइट बंद करावी. दोन रंगांचे प्रकाश एकाच चेहऱ्यावर एकत्र नांदत नाहीत.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांच्या वर्णाविषयी आहे, आणि ती फार महत्त्वाची आहे. कॅमेऱ्याचे यंत्र समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे मानून प्रकाश मोजते. सावळा माणूस पांढऱ्या भिंतीपुढे उभा राहिला, की यंत्राला भिंतच फार उजळ वाटते. ते सगळाच उजेड कमी करते आणि चेहरा काळोखात बुडतो. म्हणून मोजमाप चेहऱ्यावर करावे. मोबाइलमध्ये पडद्यावरील चेहऱ्यावर बोट टेकविले तरी पुष्कळसे काम होते. शिवाय पार्श्वभूमी शक्यतो मध्यम किंवा गडद असावी. सावळ्या त्वचेवर बाजूने पडलेला मऊ प्रकाश जी तकाकी आणतो, ती फारच सुंदर दिसते. तिच्यामुळेच गालाचे हाड आणि कपाळाची गोलाई बोलू लागते.

चौथी गोष्ट अंतराची. मोबाइल अगदी जवळ नेला, की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. कारण नाक कॅमेऱ्यापासून एका वितीवर असेल तर कान दीड वितीवर असतो. पाचसहा फूट मागे सरले, की हा फरक नगण्य होतो. तेव्हा मागे सरावे आणि दूरचे जवळ आणणारे भिंग वापरावे.

हे सारे साधल्यावर तिण्णैवर मी आजींची चाळीसएक चित्रे घेतली. प्रकाश उत्तम होता. त्यांतले सर्वांत नीटनेटके, समोर पाहात असलेले एक चित्र मी निवडले आणि रात्री संगणकापुढे बसलो. माझी दुसरी चूक येथे झाली.

छायाचित्रावर मागाहून हात फिरविणे हे संगणकाने आणलेले पाप आहे, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. १८५६ साली मद्रास सरकारने लिनियस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्याची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली. मदुरा, तंजावर येथील देवळांची त्याने काढलेली चित्रे आजही जगभर नावाजली जातात. त्या काळातील रासायनिक कागद निळ्या रंगाला फार लवकर उमटवीत असल्याने आकाश कोरे पांढरे येई. ट्राइप आपल्या कागदी निगेटिव्हवर कुंचल्याने ढग रंगवीत असे. मद्रासच्या आकाशातील ते ढग एकशे साठ वर्षांहून अधिक काळ तसेच तरंगत आहेत. पुढे स्टुडिओंतून काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम चाले. सुरकुतीची रेघ निगेटिव्हवर फिकी दिसते. ती शिसाने भरली, की छापील चित्रात सुरकुती नाहीशी होते. गालांवरचे शिसे थोडे वाढविले, की माणूस गोरा होतो. काळी कातडी आणखी काळी दाखविण्याचा जुन्या निळ्याप्रेमी काचांचा दोष होताच. तो सुधारता सुधारता आपल्याकडे माणसाला त्याच्या रंगापेक्षा दोन छटा उजळ करण्याची रीतच पडून गेली. आज तेच काम कित्येक मोबाइल न विचारताच करून टाकतात.

मीही तेच केले. आजींचा वर्ण उजळला, सुरकुत्या पुसल्या, डोळ्यांखालची काळसर वर्तुळे घालविली आणि कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक जुना व्रण होता तोही सफाईने मिटविला. चित्र घेऊन गेलो. मुले, सुना, नातवंडे सारे म्हणाले, ‘छान!’ आजींनी चष्मा लावला, चित्र जवळ धरले, दूर धरले आणि विचारले, ‘ही कोण?’ मग कपाळावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘इथली खूण कुठे गेली? लहानपणी माझ्या भावाचा भोवरा लागला होता. तो गेल्याला तीस वर्षे झाली. त्याचे माझ्याजवळ एवढेच तर राहिले आहे.’

श्रोतेहो, त्या क्षणी मला जी शरम वाटली ती मी विसरलेलो नाही. आम्ही चारपाच हौशी मंडळी महिन्यातून एकदा एकत्र जमत असू. पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक अभियंता, एक तमिळ शिक्षिका, सावकारपेठेतील एक गुजराती व्यापारी आणि मी. पुढच्या बैठकीला मी ते चित्र घेऊन गेलो आणि त्याबरोबर मूळची चाळीस चित्रेही लहान आकारात एका मोठ्या कागदावर छापून नेली.

आमच्या बैठकीचे काही अलिखित नियम होते. तेही येथे सांगण्यासारखे आहेत. चित्र मांडले, की मांडणाऱ्याने बोलावयाचे नाही. ‘त्या दिवशी ढग होते’, ‘बाई कंटाळल्या होत्या’, अशा सबबी चित्राबरोबर भिंतीवर टांगता येत नाहीत. पाहणाऱ्यांनी आधी आपल्याला काय दिसते एवढेच सांगावयाचे: नजर प्रथम कोठे गेली, मग कोठे वळली, कोठे अडखळली. ‘चांगले’, ‘वाईट’ हे शब्द त्यानंतर. आणि शेवटी प्रत्येकाने एकच सूचना द्यावयाची, तीही पुढच्या खेपेस करता येईल अशी. दहा दोष एकदम सांगितले तर ऐकणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही. ‘छान’ हा शब्द प्रेमाचा असला, तरी त्यापासून शिकता काहीच येत नाही. तसेच कुत्सित टीकेतून शिकता येते ते फक्त कॅमेरा कपाटात ठेवणे.

त्या दिवशी अभियंता म्हणाले, ‘माझी नजर प्रथम गालावर गेली. तो मेणाचा वाटतो.’ व्यापारी म्हणाले, ‘हात साठ वर्षे राबलेले आहेत आणि तोंड चाळिशीचे आहे. हे दोन्ही एकाच बाईंचे कसे?’ शिक्षिका बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, ‘या कोणाकडे पाहात आहेत?’ मी नियम मोडून म्हणालो, ‘कॅमेऱ्याकडे.’ त्या म्हणाल्या, ‘म्हणजे कोणाकडेच नाही.’ एवढे बोलून त्या चाळीस लहान चित्रांचा कागद पाहू लागल्या आणि एकावर त्यांनी पेन्सिलीने खूण केली. मी ते पहिल्याच फेरीत बाद केले होते. त्यात मान किंचित वळलेली होती, पदर खांद्यावरून घसरलेला होता आणि ओठ अर्धवट उघडे होते. दारात आलेल्या नातीला आजी काहीतरी म्हणणार होत्या, तो क्षण होता तो.

संस्करणाचा पहिला आणि मोठा भाग म्हणजे निवड, हे मला तेव्हा कळले. आपण नीटनेटकेपणा शोधतो, पाहणारा जिवंतपणा शोधतो. काढणाऱ्याला प्रत्येक चित्रामागची धडपड आठवत असते, म्हणून त्याची नजर निर्मळ राहात नाही. ती निर्मळ नजर मित्र आपल्याला उसनी देतात.

मात्र मित्रांचे ऐकणे म्हणजे आपले डोळे त्यांच्या स्वाधीन करणे नव्हे. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे उदाहरण पाहा. १८१५ साली कलकत्त्यास जन्मलेल्या या बाईंना अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, त्यांच्या मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. त्या इंग्लंडात राहात होत्या. कोणाकडे उमेदवारी नाही, स्टुडिओचा धंदा नाही, अशी ही शुद्ध हौस. त्यांच्या चित्रांतील कडा धूसर असत, काचेवर डाग आणि ओरखडे असत. छायाचित्रण क्षेत्रातील तेव्हाच्या जाणकारांनी त्यांची बेफिकीर म्हणून थट्टा केली. पण चित्रकार वॉट्स त्यांना स्नेहाने पत्रे लिहून गुणदोष दाखवीत. ज्यांचा उल्लेख मघाशी केला ते हर्शल त्यांचे जुने स्नेही, त्यांनाही त्या आपली चित्रे पाठवीत. त्यांनी ऐकले सर्वांचे, पण धूसरपणा सोडला नाही. कारण तो त्यांना हवा होता. पुढे त्या श्रीलंकेत राहावयास गेल्या आणि १८७९ मध्ये तेथेच वारल्या. थट्टा करणाऱ्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. कॅमेरॉनबाईंनी काढलेले हर्शलसाहेबांचे वृद्ध मुख मात्र जगातील थोर व्यक्तिचित्रांत गणले जाते. स्नेही आपल्याला दोष दाखवितो. तो दोष आहे की आपला स्वभाव आहे, हे शेवटी आपणच ठरवावयाचे असते.

मी ते खूण केलेले चित्र घेऊन पुन्हा बसलो. या खेपेस मी स्वतःला एक नियम घालून घेतला. जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे, ते पुसावयास हरकत नाही: मुरुमाची पुटकुळी, डासाचा चावा, गालाला चिकटलेला कापूस. जे माणसाबरोबर राहणार आहे, त्याला त्याच्या परवानगीवाचून हात लावावयाचा नाही: सुरकुती, व्रण, तीळ आणि त्वचेचा रंग. या मर्यादेत करण्यासारखे पुष्कळ उरते. चौकटीच्या कडेला मोरीची बादली डोकावत होती, ती कातरून टाकली. मागच्या दाराची उजळ फट नजर ओढून घेत होती, ती थोडी मंद केली. अंधारखोलीत जुने कारागीर एन्लार्जरखाली हाताची सावली धरून जसा एखादा भाग उजळवीत, तसे डोळ्यांभोवती किंचित उजळले. आजींचा हात आणि चेहरा एकाच रंगाचा आहे ना, हे ताडून पाहिले. मूळ चित्र जसेच्या तसे निराळे जपून ठेवले. मग संगणक बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिले. रात्री माफक वाटलेला पुष्कळसा बदल सकाळी भडक वाटतो. तो निम्म्यावर आणला.

चित्र छापून आजींच्या हाती दिले. त्यांनी आधी कपाळावरची खूण पाहिली, तिच्यावरून बोट फिरविले. मग म्हणाल्या, ‘पदर नीट नाही.’ मी विचारले, ‘दुसरे काढू या का?’ त्या म्हणाल्या, ‘नको. माझा पदर कधीच नीट नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे.’ त्यांनी मुलाकडून खिळा ठोकवून घेतला आणि यजमानांच्या चित्राशेजारी ते चित्र त्याच दिवशी लावविले. पुढे मी जाई तेव्हा त्या पुष्कळदा त्याच्या खालीच खुर्ची टाकून बसलेल्या असत. येणाराजाणारा एकदा वर पाही आणि एकदा खाली पाही.

आपणांपैकी ज्यांच्या खिशात कॅमेरा आहे, आणि आज तो बहुतेकांच्या खिशात आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. या रविवारी सकाळी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला ओसरीत किंवा खिडकीशी बसवा. फ्लॅश आणि ट्यूबलाइट बंद ठेवा. पाचसहा फूट मागे व्हा, आणि त्याच्याशी बोलत राहा. घाई करू नका. चित्रे झाली, की ती दोघाचौघा विश्वासू मित्रांना दाखवा आणि तुम्ही स्वतः गप्प बसा. शेवटी ज्याचे चित्र आहे त्याला दाखवा. त्याने ‘हा कोण?’ असे विचारले, तर पुन्हा काढा. तो आपल्या समोर आहे, विचारू शकतो आहे, तोवरच हे काम करता येते.